उरलेलं, उष्टं आणि शिळं: लग्नातल्या मसालेभाताचं पुढे काय होतं?

मे महिन्यातला रविवार. मुलुंडच्या एका हॉलमध्ये माझ्या मावसबहिणीचं रिसेप्शन होतं. केटररला चारशे प्लेट्सचा आकडा दिलेला. संध्याकाळी सहाला वळवाचा पाऊस कोसळला, झाडं पडली, लोकल रखडल्या आणि वसई-पनवेलकडच्या पाहुण्यांनी फोनवरूनच आशीर्वाद दिले. जेमतेम पावणेतीनशे माणसं जेवली. रात्री साडेदहाला हॉलच्या मागच्या बाजूला दोन मोठे टोप मसालेभात, तेवढीच बटाट्याची भाजी, पुऱ्यांची चळत, जिलबीचे तीन ट्रे आणि बादलीभर मठ्ठा शिल्लक होता. हॉलचा मॅनेजर दर पाच मिनिटांनी येऊन घड्याळ दाखवत होता. अकराला दिवे बंद.

मामा निर्धास्त. "अगं, काळजी कसली करतेस? १०९८ला फोन लाव. गाडी घेऊन येतात, सगळं नेतात." लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की हा नंबर अडचणीतल्या मुलांसाठी आहे, आम्ही अन्न नेत नाही. मग ओळखीतून, अन्न गोळा करणाऱ्या एका गटातल्या मुलाचा नंबर मिळाला. तो ट्रेनमध्ये होता. त्याने चार प्रश्न विचारले. "ताई, भात किती वाजता उतरवला? टोपातलाच आहे की बुफेवर मांडलेला? गरम ठेवलाय की नुसता झाकलाय? आणि साधारण किती जणांना पुरेल?"

आचाऱ्याला विचारलं. भात चारला उतरवला होता. दोन्ही टोप तेव्हापासून जमिनीवर, झाकण अर्धवट. मुलगा क्षणभर गप्प राहिला. "भात-भाजी नको ताई. मठ्ठाही राहू दे. पुऱ्या आणि जिलबी वेगळ्या काढून ठेवा, पाऊण तासात येतो."

मामीचा पारा चढला. "म्हणजे फुकट मिळतंय त्यातही निवड? आम्ही आत्ता हाच भात जेवलो ना!"

खरं सांगायचं तर तेव्हा मलाही मामीचंच पटलं होतं. नंतर या विषयावरचे नियम वाचले आणि लक्षात आलं की त्या मुलाने सरकारची अख्खी नियमावली चार प्रश्नांत बसवली होती. ते चार प्रश्न कुठून आले आणि सरकारी धोरण नेमकं कुठे अडतं, ते इथे सांगते.

आधी तो १०९८ निकालात काढू

दर लग्नसराईत हा मेसेज फिरतो: कार्यक्रमात अन्न उरलं तर १०९८ला कळवा, चाइल्डलाइनची माणसं येऊन नेतील. हे खोटं आहे. १०९८ ही संकटातल्या मुलांसाठीची हेल्पलाइन. ती १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या उपक्रमातून सुरू झाली. हरवलेलं, मार खाणारं, कामाला जुंपलेलं मूल या नंबरवर फोन करतं. चाइल्डलाइनने पुन्हा पुन्हा खुलासे केले, तरी मेसेज थांबत नाही. आपण मसालेभातासाठी लाइन अडवून ठेवतो तेव्हा तिकडे कोण ताटकळतंय याचा विचार करा आणि हा मेसेज पुढे पाठवू नका.

तो मेसेज इतका टिकला याचं कारण मात्र समजण्यासारखं आहे. उरलेलं अन्न फेकताना आपल्याला टोचतं. त्या टोचणीला एक सोपा नंबर हवा असतो. असा एकच, सगळ्या देशासाठीचा सरकारी नंबर अस्तित्वात नाही.

'उरलेलं' म्हणजे नेमकं काय?

कायद्याला ज्या व्याख्या करायला पानंच्या पानं लागतात, त्या आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. टोपात राहिलं ते उरलेलं. ताटात वाढून हात लागला ते उष्टं. रात्र उलटली ते शिळं. वास आला, तार सुटली ते नासलं. आणि भांडी घासायला जातं ते खरकटं.

खाद्यपदार्थांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी देशपातळीवरची संस्था म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण. लोक तिला एफएसएसएआय म्हणतात, मी पुढे नुसतं 'प्राधिकरण' म्हणते. प्राधिकरणाने २०१९ मध्ये उरलेल्या अन्नाची उचल आणि वाटप यासाठी स्वतंत्र नियम केले. ते १ जुलै २०२० पासून लागू झाले. कोविडच्या ऐन धामधुमीत लागू झाल्याने फार कोणाला पत्ताही लागला नाही. या नियमांत 'सरप्लस फूड' म्हणजे सुरक्षित अन्नाचा न वापरला गेलेला शिल्लक भाग. 'न वापरला गेलेला' या शब्दांत सगळं आलं. उरलेलं देता येतं, उष्टं देता येत नाही.

इथे बुफेची गोची होते. पंगतीत वाढपी टोपातून वाढायचा, टोपाला पाहुण्याचा हात लागत नसे. बुफेत चारशे माणसं एकच डाव धरतात, ट्रेवर वाकून बोलतात, भजी बोटांनी उचलून परत ठेवणारेही असतात. तो ट्रे ना धड उरलेला, ना धड उष्टा. म्हणून जबाबदार गट बहुधा ट्रेमधलं घेत नाहीत, मागच्या टोपातलंच घेतात. त्या मुलाचा दुसरा प्रश्न याच्यासाठी होता.

घड्याळ आणि थर्मामीटर

आता शिळं. आपण शिळं ठरवतो ते रात्र उलटल्यावर. जिवाणूंना सूर्यास्ताशी काही देणंघेणं नसतं, ते तास आणि तापमान बघतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस हा त्यांचा सुखाचा पट्टा. त्यापेक्षा थंड असेल तर ते सुस्तावतात, त्यापेक्षा गरम असेल तर वाढत नाहीत. म्हणून नियम सांगतात की गरम अन्न वाफाळतं ठेवा, नाहीतर फ्रिजइतकं थंड करा. मधल्या 'कोमट'ला जागा नाही. आणि मे महिन्यातल्या मुंबईत हॉलच्या मागच्या बोळात ठेवलेला टोप कोमटच असतो.

कल्पना करा, कसाऱ्याहून लोकल निघाली. डब्यात एक प्रवासी. प्रत्येक स्टेशनला डब्यातली माणसं दुप्पट होतात: दोन, चार, आठ. पहिली पाच-सहा स्टेशनं तुम्हाला बसायला जागा मिळते, काहीच घडत नाहीये असं वाटतं. एकविसाव्या स्टेशनला डब्यात वीस लाख माणसं असतात. अनुकूल हवेत काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. चारला उतरवलेल्या भाताला रात्री अकरापर्यंत सात तास मिळाले. सात तासांत वीस-वीस मिनिटांची एकवीस स्टेशनं. वास, चव, रंग यांत फरक कळायच्या आधीच गर्दी झालेली असते.

"मग चांगला खणखणीत गरम करून द्यावा की!" असं मामी म्हणाली होती. बऱ्याच पदार्थांना ते लागू पडतं, भाताला नाही. भातात हमखास सापडणारा एक जिवाणू आहे, बॅसिलस सिरियस. तांदूळ शिजला तरी त्याचे बीजाणू मरत नाहीत. भात कोमट झाला की ते पुन्हा जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष नंतरच्या उकळीनेही जात नाही. जिवाणू मरतील, विष राहील. तासाभरात उलट्या सुरू होऊ शकतात.

टोपाचा आकारही घात करतो. वाटीभर भात पंख्याखाली पंधरा मिनिटांत निवतो. वीस किलोचा टोप वरून गार वाटतो, पण मधला गोळा तासन् तास कोमट राहतो. म्हणून पसरट ट्रेमध्ये पातळ थर करून अन्न निववावं लागतं. हे कोण करणार? आचारी तेव्हा पुऱ्या तळत असतो.

आणि पुऱ्या, जिलबी का चालल्या? पुऱ्या आठनंतरच्या घाण्यातल्या होत्या, कढईतून निघालेल्या, भातापेक्षा कोरड्या. जिलबीत पाकच इतका की जिवाणूंना लागणारं पाणी साखर धरून ठेवते. लोणचं, मुरांबा टिकतो तो थोडाफार याच तत्त्वावर. मठ्ठा दुधाचा, उघड्या बादलीतला, त्यात बाहेरून आणलेला बर्फ. त्याला नकार सरळच होता.

"आमच्याकडे शिळं खाऊन कोणी मेलं नाही"

हा आक्षेप मला आवडतो, कारण तो खरा आहे. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, कुस्करा हे पदार्थच मुळी उरल्यासुरल्याचे. शिवाय ज्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला, रोजगार हमीच्या कामावरची सुकडी आणि रेशनवरची मिलो, म्हणजे लाल ज्वारी, खाल्ली, त्या पिढीला अन्न टाकायला सांगणं म्हणजे पाप करायला सांगणं.

पण घरचा भात आणि हॉलचा भात यांत फरक आहे. घरी तुम्हाला माहीत असतं की भात कधी झाला, कोणी झाकला, फ्रिजमध्ये कधी गेला. बिघडलाच तर घरातली चार माणसं आजारी पडतात, शेजारी डॉक्टर असतो. दान केलेला भात खाणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. तो एका वेळी दोनशे जणांच्या पोटात जातो. त्यांत आश्रमातली म्हातारी माणसं असतात, अशक्त मुलं असतात, टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर राहिलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक असतात. ज्याची प्रतिकारशक्ती कमी, त्याला कमी जिवाणू पुरतात. 'गरिबाला चालतं' हे उलटं गणित आहे. आपल्याला एक दिवसाची रजा पडते, रोजंदारीवरच्या माणसाला एक दिवसाची मजुरी.

मग नियम काय सांगतात?

थोडक्यात, तीन गोष्टी. अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थेने प्राधिकरणाकडे नोंदणी केली पाहिजे. देणाऱ्याने अन्न वेगळं, स्वच्छ, योग्य तापमानात ठेवलं पाहिजे आणि डब्यावर पदार्थाचं नाव, कोणी दिलं, शाकाहारी की मांसाहारी, कधीपर्यंत खाण्याजोगं हे लिहिलं पाहिजे. दोघांनीही कोणाकडून काय घेतलं, कोणाला काय दिलं याची नोंद ठेवली पाहिजे. महाराष्ट्रात अन्न सुरक्षेची अंमलबजावणी आपल्या ओळखीच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

याच्या जोडीला प्राधिकरणाने 'सेव्ह फूड, शेअर फूड' अशी मोहीम काढली आणि वाटप करणाऱ्या संस्थांची एक आघाडीही उभी केली. हेतू चांगलाच आहे. पण नियम नीट वाचले तर ते 'द्यायचंच असेल तर असं द्या' एवढंच सांगतात. देणं सक्तीचं नाही, न दिल्यास दंड नाही, आणि दिल्याचा काही लाभही नाही. सरकारने दार उघडलं, पण जिना चढायचा तुमचा तुम्ही.

देणाऱ्याला परवडतं का?

धोरणाची खरी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबू.

समजा, एका बिस्किट कंपनीकडे मुदत संपायला महिना उरलेला माल आहे. दुकानदार आता तो घेणार नाही. कंपनीपुढे दोन वाटा: नष्ट करायचा किंवा दान करायचा. जीएसटीत कंपनीने मैदा, साखर, पाकिटाचा कागद यांवर भरलेला कर तिला विक्रीवरच्या करातून वळता करून घेता येतो. पण माल नष्ट केला, हरवला, चोरीला गेला किंवा भेट म्हणून दिला, तर त्या मालापुरती ही वजावट मिळत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)मध्ये या सगळ्या गोष्टी एकाच ओळीत बसवल्या आहेत. करखात्याच्या दृष्टीने दान केलेलं बिस्किट आणि उंदराने खाल्लेलं बिस्किट सारखंच.

आयकरात दानाची सूट देणारं, ८०जी म्हणून ओळखलं जाणारं कलम आहे ना? आहे, पण ते पैशाच्या देणगीला. वस्तुरूप दान त्यात बसत नाही. म्हणजे करात दोन्हीकडून काही सुटत नाही आणि दान करायचं तर वर टेम्पो, हमाल, नोंदी, डब्यांवरची लेबलं यांचा खर्च. एवढं करून उद्या कोणी आजारी पडलं तर आपलं नाव पेपरात येईल ही धास्ती. अमेरिकेत या धास्तीवर १९९६ मध्येच कायदा केला: सद्हेतूने आणि नीट काळजी घेऊन दिलेल्या अन्नामुळे काही झालं तर देणाऱ्यावर दावा चालत नाही, घोर निष्काळजीपणा असेल तर अर्थातच चालतो. आपल्या संसदेने असा स्वतंत्र कायदा केलेला नाही. त्यामुळे मोठ्या हॉटेलचा मॅनेजर 'सर, पॉलिसी नाही' म्हणून हात वर करतो, तेव्हा तो दुष्ट नसतो. त्याच्या जागी मी असते तरी कदाचित हेच केलं असतं.

पाकिटावरच्या दोन तारखा

पाकीटबंद मालाबद्दल आणखी एक घोळ. 'बेस्ट बिफोर' म्हणजे या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा उत्तम. त्यानंतर पदार्थ खाण्याजोगा असू शकतो. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' म्हणजे यानंतर विकायचा, वाटायचा नाही. लेबलिंगच्या २०२०च्या नियमांनी दुसरी तारीख सक्तीची केली, पहिली ऐच्छिक. सुट्या मिठाईपुढेही १ ऑक्टोबर २०२० पासून तारखेची पाटी लागायला लागली. गल्लीतल्या मिठाईवाल्याकडे कधी बघितलीत? पेढ्याच्या ट्रेमागे ती बहुधा आडवी पडलेली असते.

पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना बजावलं की माल ग्राहकाच्या हातात पडताना त्याचं किमान ३० टक्के आयुष्य शिल्लक असावं, किंवा मुदत संपायला किमान ४५ दिवस असावेत. ग्राहक म्हणून मला हे आवडलं. दहा मिनिटांत घरी आलेल्या पाकिटाची मुदत परवा संपत असेल तर चिडचिड होणारच. पण दुसरी बाजू बघा. खायला उत्तम असलेला माल आता विक्रीतून लवकर बाद होतो आणि गोदामात साठतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उत्पादक आणि आयातदारांना मुदत संपलेल्या व नाकारलेल्या मालाचा हिशेब दर तिमाहीला द्यायला सांगितलं, जुनाच माल नवं लेबल लावून परत बाजारात येऊ नये म्हणून.

माझं मत विचाराल तर धोरणाने आधी इथे हात घालावा. लग्नातल्या भाताचे फोटो चांगले येतात, पण तो भात वाचवायला दोन तासही नसतात. महिनाभर मुदत असलेल्या बिस्किटाला, डाळीच्या पाकिटाला, टेट्रापॅकमधल्या दुधाला ना थर्मामीटर लागतो, ना रात्री अकराचा टेम्पो.

फ्रान्सने केलं, आपण का नाही?

फ्रान्सने फेब्रुवारी २०१६ मध्ये कायदा केला: ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटने खाण्याजोगं अन्न मुद्दाम खराब करायचं नाही, धर्मादाय संस्थेशी करार करून द्यायचं. मुंबईत तो तसाच्या तसा उचलला तर किती दुकानं सापडतील? आपली भाजी ४०० चौरस मीटरच्या दुकानात नसते, चार फुटांच्या गोणपाटावर असते.

आणि ते गोणपाट स्वतःच वाटप करतं. दादर स्टेशनबाहेर संध्याकाळी सहाला साठ रुपये किलोचा टोमॅटो घ्या आणि रात्री साडेनऊला परत या. तेच मावशी 'घ्या ताई, दहाला वाटा, संपवायचाय' म्हणत असतात. मऊ पडलेले टोमॅटो, पिवळी पडलेली मेथी घेणारं गिऱ्हाईक ठरलेलं असतं, शेवटच्या गाडीने घरी जाणारं. भाव पडतो, माल उठतो, कोणाला कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. सरकारी अहवालात याला नाव नाही, पण मुंबईची अन्नवाटपाची सगळ्यात मोठी यंत्रणा हीच असावी असं मला वाटतं. फेरीवाल्यांचं धोरण ठरवताना हे कोणी लक्षात घेतं का?

"पालिकेनेच गाड्या फिरवाव्यात"

पालिका गाड्या फिरवतेच, कचऱ्याच्या. मुंबईत रोज सहा हजार टनांहून जास्त कचरा निघतो आणि पालिकेच्याच पर्यावरण अहवालांनुसार त्यात सत्तर टक्क्यांच्या वर ओला, मुख्यतः अन्नाचा असतो. त्यात केळीच्या साली, नारळ, माशांचे काटेही आले. १९२७ पासून चालत आलेल्या देवनारच्या डोंगराला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग आणि चेंबूर-गोवंडीवर दिवसेंदिवस पसरलेला धूर आठवत असेल. ओला कचरा ढिगात हवेविना कुजला की मिथेन निघतो आणि मिथेन पेटतो.

त्यानंतर २०१६ च्या घनकचरा नियमांच्या आधारे पालिकेने मोठ्या सोसायट्या, हॉटेलं आणि दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना सांगितलं की ओल्या कचऱ्याचं खत तुम्हीच तुमच्या आवारात करा. अनेक सोसायट्यांत त्यावरून किती भांडणं झाली ते तुम्हाला माहीत असेलच. आमच्याकडे खताच्या पिंपाशेजारी कोणाची गाडी उभी राहणार यावरून दोन सभा गेल्या. पण नियमाचा रोख बघा. अन्न कचरा झाल्यावर काय करायचं हे तो सांगतो. कचरा व्हायच्या आधी ते माणसाच्या पोटात जावं यासाठी पालिकेचं ना खातं आहे, ना बजेट. कचरा पालिकेचा, अन्नाची सुरक्षा एफडीएची, रेशन पुरवठा खात्याचं. मसालेभात या तिघांच्या मधल्या फटीत पडतो.

ती फट लोक आपापल्या परीने भरतात. डबेवाल्यांनी २०१५ च्या अखेरीस उरलेलं अन्न उपाशी माणसांपर्यंत पोचवणारी रोटी बँक सुरू केली, पुढे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनीही याच नावाने काम उभं केलं. रॉबिन हूड आर्मी या स्वयंसेवकांच्या गटातली पोरं नोकरी सांभाळून रात्री अन्न गोळा करत फिरतात. त्यांची खरी अडचण विचारलीत तर अन्न कमी पडतं असं ते म्हणणार नाहीत. गाडी नाही, शीतपेटी नाही, आणि फोन येतो तो रात्री अकराला.

याने भूक मिटते का?

नाही. हे स्पष्ट म्हटलेलं बरं, कारण 'एवढं अन्न वाया जातं आणि तिकडे लोक उपाशी' हे वाक्य ऐकायला सोपं असलं तरी दोन्ही प्रश्न एका किल्लीने उघडत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. ती एका रात्रीच्या उपासाने खुंटत नाही, रोजच्या अपुऱ्या जेवणाने खुंटते. रविवारी जिलबी आणि सोमवारी काहीच नाही, याने ती वाढणार नाही. त्यासाठी रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं अन्न लागतं. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा सुमारे ८१ कोटी लोकांना धान्य देतो, शाळेत पोषण आहार आहे, आपल्याकडे २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, एक भाजी, भात, वरण. दहा रुपये मोजून माणूस टेबलावर बसतो, कोणाच्या लग्नातलं काय उरलं याची वाट बघत नाही. ती थाळी नीट चालवणं आणि तिची बिलं वेळेवर देणं हे माझ्या लेखी अन्नदानाच्या दहा मोहिमांपेक्षा मोठं काम आहे.

आकड्यांबद्दलही एक सावधगिरी. 'भारतात ४० टक्के अन्न वाया जातं' हे वाक्य भाषणांत सर्रास येतं. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने २०१५ मध्ये केलेल्या मोजणीत काढणीपासून बाजारापर्यंत तृणधान्यांची हानी साधारण ५-६ टक्के निघाली आणि फळं-भाज्यांत सगळ्यात जास्त म्हणजे पेरूची, सुमारे १६ टक्के. तेवढ्याचीही किंमत ९२ हजार कोटींच्या वर होती, फुगवायची गरज नाही. घरांचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधला अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे, साली-देठांसकट. दिवसाला दीडशे ग्रॅम. चौघांच्या घरात सहाशे. आपल्या ओल्या कचऱ्याचा डबा एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा, मी ठेवला आणि गप्प बसले.

मग पाहुण्यांवरच बंदी घालावी?

तेही करून झालंय. टंचाईच्या काळात देशात ठिकठिकाणी पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे आदेश निघाले होते. २०१७ मध्ये जम्मू-काश्मीर सरकारने मुलीच्या लग्नाला ५०० आणि मुलाच्या लग्नाला ४०० पाहुण्यांची मर्यादा घातली. त्याच वर्षी केंद्रीय अन्नमंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलात वाढायचं प्रमाण ठरवून द्यावं असं सुचवलं आणि त्यावर भरपूर टिंगल झाली. माणसं मोजायला मांडवात इन्स्पेक्टर पाठवणं मलाही हास्यास्पद वाटतं. मंगल कार्यालयाच्या दारात हप्त्याची एक नवी खिडकी तेवढी उघडेल.

त्यापेक्षा प्लेट्सच्या व्यवहाराकडे बघावं. केटरर 'गॅरंटी' घेतो, म्हणजे चारशे सांगितल्या तर चारशेचे पैसे, कोणी येवो न येवो. यजमान लाजेकाजेस्तव आकडा वाढवून सांगतो, केटरर कमी पडू नये म्हणून त्यावर आणखी दहा टक्के टाकतो आणि सगळा भात दुपारी एकदमच शिजतो, कारण दुसऱ्या खेपेला शेगडी आणि माणूस अडकून पडतो. पैसे आधीच मिळालेले असल्याने भात उरला तर कोणाचंच नुकसान नसतं. कोणाचंच नुकसान नसलेली गोष्ट थांबवणं कायद्याला फार जड जातं.

मामाच्या नातवाची मुंज डिसेंबरमध्ये ठाण्याला झाली. केटरर ठरवताना मामाने पहिल्यांदाच विचारलं, "भात दोन खेपांत कराल का?" तो म्हणाला, "करतो की साहेब, पण आचारी थांबवायला लागेल, त्याचे वेगळे पडतील." मामाने दिले. मामीने घरून झाकणाचे सहा स्टीलचे डबे आणले होते, न विचारता. अकरापर्यंत थांबायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी दुपारी दीडलाच त्या मुलाला फोन लावला आणि सांगितलं की दुसरी खेप निम्मीच टाकली, आज द्यायला काही उरणार नाही.

"बरं झालं ताई," तो म्हणाला. "आज अजून तीन हॉल आहेत, आणि बाईक एकच."